डावा गाल

१२ ऑगस्ट १९९६, सोमवार

शंभरात दोन.

सर्जननी अगदी सहज सांगितलं. कानापुढून चीर द्यायची, जुनी खूण कापून काढायची, शेजारचं मांस सरकवून खड्डा भरायचा, वर टाके. "शंभरात दोघांच्या ओठाचा कोपरा उतरतो. नस तिथूनच जाते ना."

मी विचारलं, उतरतो म्हणजे किती?

"स्वल्प." त्यांनी स्वतःचा ओठ बोटानं खाली ओढून दाखवला. "लग्नाच्या फोटोत दिसेल, इतकंच."

थोरले भाऊ, अण्णा, शेजारी बसले होते. वीस वर्षं ते या सर्जनचे कोट शिवतात. तेच म्हणाले, "सरी डॉक्टर, चालेल. दसऱ्याच्या सुट्टीत करून टाकू."

मी एकेचाळीस वर्षांची. गाल माझा. तोंड मी उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

१३ ऑगस्ट

आरशासमोर ओठाचा कोपरा खाली ओढून धरला आणि 'अम्मा' म्हणून पाहिलं. ओठ नीट मिटलेच नाहीत.

१८ ऑगस्ट, रविवार

अण्णा दुकानात, आई देवळात. निवांत लिहिते.

सात वर्षांची असताना दाढेचं गळू गालातून बाहेर फुटलं. इथंच, चामराजपेटच्या दवाखान्यात साफ केलं. जखम भरली, पण कातडं आत हाडाला चिकटून राहिलं. तेव्हा वाटाणा मावेल एवढा खड्डा होता. वय झालं, गाल उतरले, आता त्यात अंगठा बसतो.

स्थळं यायची थांबली त्याला दहा वर्षं झाली. त्याचं दुःख नाही — खरंच नाही. पण म्हणून मला गाल नको असा अर्थ सगळ्यांनी कसा काढला? वहिनी परवा म्हणाल्या, "आता कशाला अक्का, या वयात?" या वयातच. आता पगार माझा, चेहरा माझा, आणि कुणाला दाखवायचा म्हणून नाही. सकाळी वेणी घालताना मला पूर्ण गाल बघायचा आहे. एवढंच कारण. कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून इथं लिहून ठेवते.

पण ओठ द्यायचे नाहीत. एकही टक्का नाही.

२१ ऑगस्ट

ओठांचं का, ते आज वर्गात बसूनच परत कळलं.

माझी अकरा मुलं. एकालाही ऐकू येत नाही. आमच्या शाळेत हातवारे बंद — हात मांडीखाली ठेवायचे, बाईंचे ओठ वाचायचे, घशातून आवाज काढायचा. मुख्याध्यापक रघुपती सर म्हणतात, बाहेरचं जग हातांनी बोलत नाही, यांना जगात राहायचंय. मला ते पटतं. कुणाचा हात वर आला की मी टेबलावर पट्टी मारते, हादरा त्यांना कळतो. कधी बोटांवरही मारते.

आणि कन्नड ओठांवर किती फसवं! 'अप्पा' आणि 'अम्मा' — ओठ दोन्हीला अगदी सारखेच मिटतात. मग मुलाचा हात आपल्या गालावर ठेवायचा. 'अम्मा' म्हटलं की गाल गुणगुणतो, 'अप्पा' म्हटलं की गप्प. अशी आई आणि बाप वेगळे करायचे. एका शब्दाला आठवडा जातो.

गेल्या वर्षी तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, "वसुमतीबाईंचे ओठ म्हणजे छापील अक्षर." अठरा वर्षांची कमाई आहे ती. शंभरात दोन म्हणून सर्जनच्या हातात देऊ?

रम्याचा हात नेमका डाव्या गालावर असतो. नऊ वर्षांची, देवनहळ्ळीची, शाळेच्या वसतिगृहात राहते. माझं नावच तिनं तसं ठेवलंय — गालात बोट रुतवलं की वसुमती मिस. मुलं मधल्या सुट्टीत चोरून हातांनी बोलतात, तेव्हा खिडकीतून पाहिलं. राग आला नाही. उलट बरं वाटलं, का कुणास ठाऊक.

३१ ऑगस्ट, शनिवार

एकटी इंदिरानगरला गेले! दोन बस बदलून. घरी सांगितलं, पुस्तकं आणायची आहेत.

शाळेतल्या एका बाईंच्या बहिणीचे देवीचे व्रण जिनं भरले, ती डॉक्टर. कस्तुरी नाव, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली, वय पस्तिशीचं. माझं मराठी ऐकून म्हणाली, "किती गोड बोलता तुम्ही. माझी पणजी असं बोलायची." मी म्हटलं, आमचं घराणं इथं तीनशे वर्षं आहे, तुमच्या पणजीच्याही आधी निघालेलं मराठी आहे हे. हसली. मग गाल बोटांनी चाचपला, खूप वेळ.

"हे बघा वसुमतीताई, कापायलाच पाहिजे असं काही नाही. भरता येतं. कोलाजेन म्हणून एक असतं, परदेशातून सिरिंजमध्ये भरून येतं. खड्ड्याखाली सुईनं सोडायचं. पाच-सहा महिन्यांत ते विरतं, मग परत भरायचं."

"आणि ओठ?"

"त्या नसेजवळ चाकू न्यायचाच नाही. रिस्क झीरो असं मी कधीच म्हणत नाही. पण तुम्ही सांगताय त्या भीतीपुरतं — खूप कमी."

"ते बनतं कशाचं?"

तिनं पेन खाली ठेवलं. "गाईच्या कातड्याचं. शुद्ध केलेलं असतं. मी आधीच सांगते, नंतर कळण्यापेक्षा बरं."

हे तिनं सांगितलं म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. आधी हातावर टोचून बघायचं, चार आठवडे थांबायचं, मग गाल.

१ सप्टेंबर

लपवता आलं असतं. लपवलं नाही. सकाळच्या कॉफीलाच सगळं सांगून टाकलं. गाईचंसुद्धा.

अण्णांनी पेला खाली ठेवला. "ते अंगात घेतलंस तर या घरात जेवायला बसायचं नाही."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "औषध म्हणून घेणार का?"

"हो."

"मग औषध म्हणजे औषध."

"आई, तुम्ही पण?" अण्णा म्हणाले.

"तुझ्या वडिलांना साप चावला तेव्हा डॉक्टरनी काय टोचलं होतं? घोड्याच्या रक्तातलं. तेव्हा तू विचारलंस का प्रतापा, कुठल्या जनावराचं म्हणून? पाय धरलेस डॉक्टरचे."

अण्णांनी पेला परत उचलला. मग म्हणाले, सुईनं केलेलं टिकत नाही, एकदाच कापून मोकळं व्हावं. मी म्हटलं, "अण्णा, तुमचं आयुष्य सुईवर गेलं." हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. पण बायकोपुढे, पोरांपुढे मी त्यांना पहिल्यांदाच उत्तर दिलं, आणि माझा आवाज कापला नाही.

७ सप्टेंबर

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टोचलं. डास चावल्यासारखं. चार आठवडे.

१२ सप्टेंबर

लाल. सुपारीएवढी गाठ, खाज, गरम.

१४ सप्टेंबर, शनिवार

कस्तुरी डॉक्टरनी हात पाहिला आणि नाही म्हणाल्या. माझ्या अंगाला ते चालत नाही. गालात घातलं असतं तर गालच असा सुजून लाल झाला असता, महिनोन् महिने. "म्हणूनच टेस्ट करतो आपण," त्या म्हणाल्या.

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. रडले नाही.

अण्णांना ऐकून आनंद झाला, तो त्यांनी लपवला नाही. "देवानंच वाचवलं. सर्जनना कळवतो."

आईनं माझा हात मांडीवर घेतला, गाठीला खोबरेल लावलं. मग माझ्या पोटावर थाप मारून म्हणाली, "गाईचं नको तर नको. तुझ्या अंगात काय कमी आहे? इथलं काढून तिथं घालायला सांग."

सगळे हसले. मीही.

१६ सप्टेंबर

आई हसण्यावारी बोलली ते खरंच करतात! शाळेतून डॉक्टरना फोन केला. "मी तेच सुचवणार होते," म्हणाल्या. पोटातली चरबी जाड सुईनं ओढून घ्यायची आणि खड्ड्यात सोडायची. आपलंच ते, अंग नाकारत नाही. त्यातली निम्मी विरते, निम्मी राहते — कधी कमी, कधी जास्त, हमी नाही. सूज मात्र दांडगी येते, दहा दिवस.

आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं त्या बाईनं? मला विचारलं असतं तर."

५ ऑक्टोबर, शनिवार

आज सर्जनकडे स्वतः गेले. अण्णांना न घेता. तारीख रद्द केली.

ते रागावले नाहीत, जरा मजेतच म्हणाले, "सुईवाले रस्त्यातले खड्डे बुजवतात बाई. पुढच्या पावसात परत खड्डा."

"चालेल. परत बुजवीन."

"कशासाठी? मी एकदाच करून देतो की."

मी त्यांना सांगितलं, मी ओठांनी शिकवते. शंभरातल्या त्या दोघांत मी निघाले, तर माझ्या अकरा मुलांनी काय वाचायचं? त्यांनी माझ्याकडे बघितलं — गालाकडे नाही, पहिल्यांदाच माझ्याकडे. "हे त्या दिवशी का नाही बोललात?"

खरंच, का नाही बोलले. आज बोलले ना पण. पायऱ्या उतरताना पाठ ताठ होती, मलाच जाणवत होतं.

११ नोव्हेंबर

दिवाळीत डॉक्टर पुण्याला होत्या. तारीख मिळाली, येत्या शनिवारी. दहा दिवसांची रजा टाकली. रघुपती सरांनी कारण विचारलं. "गाल," म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

शहरभर या महिन्यात इथं होणाऱ्या जागतिक सौंदर्यस्पर्धेचे फलक आणि त्याविरुद्धचे मोर्चे. वहिनी म्हणाल्या, "अक्का, तुम्ही पण नाव दिलंय की काय?" म्हटलं, दिलंय, चामराजपेटकडून.

१६ नोव्हेंबर, शनिवार

झालं.

पोटाला बधिर करायचं इंजेक्शन, मग जाड सुई आत-बाहेर. दुखत नाही, पण ओढ कळते. डॉक्टरनी सिरिंज उभी करून ठेवली. खाली लाल पाणी बसलं, वर पिवळंधमक, तुपासारखं. "हे बघा, तुमचंच." मी बघत राहिले. चौतीस वर्षं जे कमी होतं ते माझ्याच पोटात होतं.

गालात आधी एक सुई खालून फिरवली, चिकटलेलं कातडं सोडवायला. कर्रकर्र आवाज डोक्यात ऐकू आला. मग थेंब थेंब भरलं. निम्मं विरणार म्हणून जास्तच. शेवटी आरसा दिला. गाल सफरचंदासारखा, खालचा ओठही सुजलेला. त्यांनी 'ई' म्हणायला लावलं, मग 'ऊ'. दोन्ही कोपरे जागच्या जागी. तेव्हा मात्र डोळे भरले.

अण्णा खाली रिक्षात बसून होते. मी बोलावलं नव्हतं. वर आले नाहीत. घरी येईपर्यंत रिक्षावाल्याला तीनदा म्हणाले, "मेल्लगे, मेल्लगे." हळू चालव म्हणून.

१९ नोव्हेंबर

गाल निळा-हिरवा. आई म्हणते पिकलेल्या पपईसारखा दिसतो. ओठ जड, शब्द बोबडे. पण खड्डा नाही! बोट फिरवायची मनाई आहे, नाहीतर दिवसभर फिरवलं असतं.

संध्याकाळी सरांचा फोन. दोन शिक्षिका आजारी, वर्गावर कुणी नाही. फक्त बसायचं, शिकवू नका. जाते.

२० नोव्हेंबर, बुधवार

मुलं बघतच राहिली. मग रम्या उठली. गालात बोट रुतवलं — माझं नाव — आणि लगेच तोच गाल फुगवून दाखवला. वर्ग खिदळला. माझं नाव बदललं बहुतेक.

माझे ओठ त्यांना वाचता येईनात. 'कूत्कोळ्ळी' — बसा — म्हटलं तर अर्धी उभी राहिली. गालाला हात लावू देता येत नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा वर्गापुढे मुकी झाले.

शेवटी हातानं दाखवलं, बसा. बसली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस मी वर्गात हात वापरते आहे आणि कुणाला सांगितलेलं नाही. काय करणार, दुसरा मार्ग नाही. दार लोटून घेते.

ही मुलं वेगळीच आहेत. वाक्याला आठवडा घेणारा मल्लाप्पा — तो हातांनी गोष्ट सांगतो! बस बिघडली, ड्रायव्हर चिडला, एक म्हातारी कोंबडी घेऊन उतरली. सगळं दिसलं मला. मी हसले तर गाल ठणकला.

हीच मुलं? मी त्यांच्या प्रगतिपुस्तकात काय काय लिहिलंय.

२५ नोव्हेंबर

आज रम्या मधल्या सुट्टीत बाहेर गेली नाही. टेबलापाशी आली. माझ्या हातांकडे बघितलं, मोकळे आहेत ना म्हणून. मग तिनं सांगितलं.

दोन हातांचा पाळणा, झुलवला. छोटं, एवढंसं. कपाळ तापलेलं — हात लावून झटकन मागे घेतला. मग पाळणा थांबला. हातांवरून ओढणीचं टोक ओढलं, पूर्ण. जमीन खणली. वर माती सारखी केली. मग अम्मा: भिंतीकडे तोंड करून आडवी. किती दिवस? बोटं संपली, परत पहिल्यापासून मोजायला लागली.

मी ऑफिसात गेले. रघुपती सर म्हणाले, "हो, मेमध्ये तिचा धाकटा भाऊ तापानं गेला. बाप सांगून गेला होता जूनमध्ये. म्हटलं, मुलीला काय कळणार, वर्गात कशाला विषय."

जूनपासून रम्या हात वर करत होती. 'लक्ष नाही, हातवारे फार' — माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आणि मी त्या बोटांवर पट्टी मारली. एकदा नाही. ती पाच महिने मला हेच सांगत होती.

घरी आले. आईनं विचारलं, गाल दुखतोय का. नाही म्हटलं.

२८ नोव्हेंबर

सूज उतरली. डॉक्टरनी बोट लावून पाहिलं, खूश झाल्या. "लवकर आहे, पण छान बसतंय. कमी झालं तर उन्हाळ्यात परत थोडं भरू." ओठ पहिल्यासारखे, छापील. वेणी घालताना आज पूर्ण गाल दिसला. मी तो बराच वेळ बघितला, आणि मला त्याचा अभिमान वाटला — वाटला तो वाटलाच, त्यात वाईट काही नाही. कुणी आणून दिलेला नाही. मी निवडला.

अण्णा दुकानातून आले, दिव्याखाली माझी हनुवटी धरून दोन्ही गाल ताडून पाहिले. कोटाचे खांदे बघतात तसे. "शिवण दिसत नाही," म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

दार लोटलेलं असूनही सरांना हातांचं कळलंच. म्हणतात, आता ओठ बरे झाले, हातांचं बंद करा. दार उघडं ठेवून शिकवा.

मी म्हटलं, सोमवारी सांगते.

२ डिसेंबर, सोमवार

सरांना आठच्या आधी गाठलं. हात बंद करणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ट्रस्टींना कळवावं लागेल. म्हटलं, कळवा. वर्गात आले, दार उघडं ठेवलं. खडू रम्याच्या हातात दिला, तिला फळ्यापाशी उभं केलं आणि मी तिच्या बाकावर जाऊन बसले, मल्लाप्पाच्या शेजारी. पहिल्या तासात मला हातांचे सात शब्द आले.